संगीता, तुझी स्लॅबवरची दुर्बीण

संगीता,

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, कारंज्याहून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, आणि घर एकदम रिकामं झालं. परवा विनोद भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. तुझा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, हा तुमीच ठेवा. लोकं दुर्बिणीचं विचारतेत. मले त्यातलं काई समजत नाई, अन् तू नाईस म्हणून सांगाले जमत नाई."

बायकोबद्दल बोलताना त्यांनी 'ती' न म्हणता 'तू' म्हटलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी फोन घेतला.

तुझ्याबद्दल श्रद्धांजलीच्या बॅनरवर जे छापायचं ते छापून झालंय. बचत गटाच्या बायकांनी फोटो चांगला निवडला, पण त्यात तू फारच शहाणी दिसतेस. मी तुझी थोरली जाऊ. एका छताखाली तुझ्याबरोबर भाकरी थापल्या, पापड लाटले आणि त्याच छताच्या वर तुझ्यासोबत शनी पाहिला. त्या बॅनरमधली बाई मला काही ओळखीची वाटत नाही.

मला आठवते ती राखीपौर्णिमेची संगीता. सगळ्या जगाच्या बहिणी भावाकडून साडी घेतात. तू दुर्बीण मागितलीस. तुझा भाऊही तसलाच, खरंच घेऊन आला. केवढा तो रंगीबेरंगी खोका! वर कडंवाला शनी, जांभळे-गुलाबी ढग, आणि मोठ्या अक्षरात सहाशे की किती पट दिसेल म्हणून लिहिलेलं. आपण दोघींनी तो खोका देवघरापुढे उघडला. पण आभाळ होतं पावसाळ्याचं. कितीतरी दिवस ढग हलेनात. शेवटी कंटाळून तू ती ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीकडे वळवलीस आणि ओरडलीस, "ताई, 'कामरगाव' उलटं लिहेल दिसून राह्यलं! आरशात पाह्यल्यावाणी!"

"नळी वाकडी लावली असशील," मी म्हटलं.

"नाई व. ते आतल्या आरशानं होते. आभाळात काय फरक पडते, तिथं कोणी अक्षरं लिहेल नाई."

मग एकदा ढग फुटले आणि चंद्र निघाला. तू डोळा लावलास, मी तुझा पदर धरून उभी. चंद्र सापडला खरा, पण तिपाई अशी लटपटत होती की तो अंगात आल्यासारखा घुमत होता. बोट लावलं की पळाला. तू बोट काढून घ्यायचीस, श्वास धरायचीस, तो जरा थांबायचा, आणि तेवढ्यात खाली कोणी दार आपटलं की पुन्हा घुमायला लागायचा. मला इतकं हसू आलं की मी पायरीवर बसून घेतलं. तू मात्र रडायच्या बेतात होतीस.

दुसऱ्या दिवशी तू खताच्या रिकाम्या पिशवीत गिट्टी भरलीस आणि तिपाईच्या मधोमध टांगलीस. पाय पूर्ण ओढून उंच केलेले होते, ते आखूड केलेस. "आपून खाली बसू," म्हणालीस, "उभं राहून पाह्यलंच पाह्यजे असं कोण म्हने?" त्या संध्याकाळी आपण दोघी पोत्यावर बसलो, आणि चंद्र जागचा हलला नाही. खड्डे दिसले. खड्ड्यांच्या कडांच्या सावल्या दिसल्या. तू मला म्हणालीस, चंद्र अर्धा असतानाच पाहायचा, पुनवेला नाही. पुनवेला ऊन सरळ डोक्यावर पडतं, सावली राहत नाही, मग खड्डे कसे दिसणार?

भिंगाचं गणित मला समजायला वेळ लागला. डोळा लावायच्या भिंगावरचा आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी, हे मला पटेना. तू म्हणालीस, "आकडा मोठा, ताकद कमी. पण सुरुवात त्याच्यापासूनच कराची. आभाळ मोठं दिसते, वस्तू लवकर सापडते."

"म्हणजे घरातल्या थोरल्या जावेवाणी," मी म्हटलं. "नंबर मोठा, ताकद कमी."

त्यानंतर ते सगळ्यात मोठ्या आकड्याचं, पंचवीस नंबरचं भिंग घरात 'ताई' झालं. "ताई कुठं ठेवल्या?" तू विचारायचीस, आणि मी खालून ओ द्यायचे. विनोद भाऊजींना वाटायचं दोघींना वेड लागलंय.

मग अकोल्याच्या एका मुलाने शिकायला बाहेर जाताना त्याची सहा इंची आरशाच्या दुर्बिणीची नळी विकायला काढली आणि तू ती घेऊन आलीस. जीपमध्ये मांडीवर धरून आणलीस, लेकरासारखी. बूड नव्हतं तिला. आपल्या स्वयंपाकघराच्या कपाटाचं प्लायवूड उरलेलं होतं, त्याचं सुताराकडून खोकं करून घेतलंस. तो बिचारा मापं घेताना सारखा विचारायचा, "ताई, तोफ हाये का हे?" त्याने ते बाहेर सांगितलं असावं, कारण आठवड्याच्या आत सगळं गाव तिला तोफच म्हणू लागलं. बाजारात बायका विचारायच्या, "आज तोफ लावता का?" पण ते बसकं खोकं लटपटलं म्हणून नाही. बोटाने ढकललं की लोण्यावरून सरकल्यासारखं सरकायचं आणि सोडलं की तिथंच थांबायचं. तेव्हा तू म्हणालीस, कोणीही विचारलं तर आधी बुडाचं सांगायचं, काचेचं नंतर.

भांडलोही आपण. दिवाळीच्या साफसफाईत मी फडकं घेऊन नळीच्या तळाशी हात घातला होता. आरशावर केवढी धूळ! जिन्यावरून तू अशी किंचाळलीस की शेजारच्या बायका गच्चीवर आल्या. "हात लावू नका! पुसू नका त्याले!"

"अगं, धूळ आहे."

"राहू द्या धूळ. धुळीनं काई बिघडत नाई. पुसलं तर चरे पडतेत, थे जन्मभर राह्यतेत."

मी रागाने फडकं तिथंच टाकून खाली आले. तू चकल्या तळायला आलीस, ती माझ्याकडे पाठ करून. आजही सांगते, धूळ ती धूळ. तुझं म्हणणं खरं असेल, पण धूळ बसलेली वस्तू तशीच ठेवायची हे माझ्या हाताला कधी जमलं नाही. तू असतीस तर यावर अजून एकदा भांडलो असतो.

पुढे एका उन्हाळ्यात मात्र तूच म्हणालीस की आता धुवायला झालाय. परातीत पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. आरसा आत ठेवला. घासायचं नाही, कापसाचा बोळा ओला करून नुसता वरून ओढायचा, दाबायचा नाही. मग बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ओतायचं आणि आरसा तिरपा उभा करून आपोआप वाळू द्यायचा. मी पाणी ओतत होते. तू दोन्ही हातांनी आरसा धरला होतास. मध्येच तू हळू आवाजात म्हणालीस, "ताई, लेकराले न्हाऊ घालून राह्यल्यावाणी वाटते."

मला त्यातलं सगळं ऐकू आलं. तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली, कुठले कुठले दवाखाने झाले, आपल्या घरात त्याबद्दल बोलणं कधी बंद झालं, सगळं. माझी दोन्ही लेकरं तुझ्या मांडीवर वाढली, पण ती माझी होती, हे तुलाही माहीत होतं. मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "जरा तिरपा धर, कडेला पाणी साचलंय." तू तिरपा धरलास. जसं झालं तसं लिहिते आहे.

आपलं मोठं भांडण मात्र अर्धंच राहिलं. शाळेत तू मुलांना गुरू ग्रह दाखवलास, त्यानंतर कोणी तुझा नंबर कोणाला दिला देव जाणे, शेलूबाजारपासून फोन यायला लागले. 'ताई, दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?' आणि तू दरवेळी एकच सांगायचीस: अजून घेऊ नका. आधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, बायनाक्युलर. एक वर्ष तेवढ्यावर काढा. आभाळ ओळखीचं होऊ द्या.

मला ते कधी पटलं नाही. "माणूस चंद्राचे खड्डे पाहायला आलेला असतो," मी म्हणायचे, "आणि तू त्याला बायनाक्युलर देतेस. लग्नाला आलेल्या पाहुण्याला वरणभात वाढल्यासारखं."

"मंग काय झालं? वरणभातानं पोट तर नाई बिघडत."

"मनही भरत नाही."

मग तू मला गच्चीवर ओढत नेलंस. कृत्तिका डोक्यावर होत्या. आधी तोफेतून दाखवल्यास: चार-पाच चांदण्या, बाकीच्या नळीच्या बाहेर. मग बायनाक्युलर दिलंस. सगळा पुंजका एकदम डोळ्यात मावला, निळसर. मी गप्प झाले. तुला वाटलं तू जिंकलीस. मी गप्प झाले ते सुंदर दिसलं म्हणून; पटलं म्हणून नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

आणि आता तुला सांगायचं ते हे. शनिवारी दिवेलागणीला तुझा फोन वाजला.

"हॅलो, दुर्बीणवाल्या ताई का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बोला," म्हटलं.

"मी शिरपूरहून प्रकाश बोलून राह्यलो. साड्यांचं दुकान हाये माह्यं. तुमी मले दिवाळीआधी बायनाक्युलर घ्या म्हणून सांगतलं होतं."

"घेतलं का मग?"

"नाई घेतलं. पोरीनं ऑनलाइन मोठी दुर्बीणच मागवली माह्यासाठी. मी तिले तुमचं सांगाच्या आधीच आली. लेकीनं हौसेनं आणलेल्या वस्तूले नाई कसं म्हणावं? तुमी रागवान म्हणून फोन कराची हिंमत नोती होत."

बघ, संगीता. माणसं तुला भिऊन फोन करत नव्हती.

"रागवत नाही," मी म्हटलं. "काय अडचण आहे?"

"काईच दिसत नाई ताई. नुसता अंधार. आठ दिवस झाले, एक चांदणी सापडली नाई. म्हणून ठरवलं, उद्या रविवार हाये, दुकान बंद, पोरगी लेकरं घेऊन येऊन राह्यली, तं सकाळी सूर्यच पाहू. तो तं सापडनच! खोक्यात सूर्याची काळी काच बी देल हाये."

मी बसले होते ती उठून उभी राहिले.

तुला आठवतं? त्या पहिल्या खोक्यातही तशीच इवलीशी काळी काच होती, डोळ्याच्या भिंगाला आटे फिरवून बसवायची. एका दुपारी तू नळी उन्हाकडे वळवलीस आणि जिथं आपण डोळा लावतो तिथं पळसाचं वाळलेलं पान धरलंस. मी 'अगं' म्हणेपर्यंत पानातून धूर निघाला आणि भोक पडलं. ती काळी काच तू त्याच दिवशी वरवंट्याने फोडलीस. "कोणाच्या हाती लागाले नको," म्हणालीस.

"प्रकाशभाऊ," मी म्हटलं, "ती काच आत्ता हातात घ्या."

"घेतली."

"आता फोडा."

"नवीकोरी हाये, ताई."

"फोडा म्हणते ना मी! घरात वरवंटा असेल. सगळ्या नळीचं ऊन गोळा होऊन त्या एवढ्याशा काचेवर पडतं. तापून ती तडकते आणि मागे नातवाचा डोळा असतो. कळलं?"

पलीकडे कुजबूज झाली. त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काहून फोडून राह्यले?" आणि मग ठाण, ठाण. मला फोनमधून काच फुटल्याचं ऐकू आलं. तेव्हा कुठं मी खाली बसले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सूर्य पाहायचाच असेल तर नळीच्या पुढच्या मोठ्या तोंडावर बसतो तो खास पडदा आणावा लागतो. एक्स-रेचा कागद चालत नाही, काळा चष्मा चालत नाही, आणि नेम धरायच्या वरच्या छोट्या नळीचंही तोंड झाकावं लागतं. तोवर सूर्याचं नाव काढायचं नाही. उद्या काय करायचं? दिवसा, सूर्याकडे पाठ करून, लांबचा मोबाइलचा टॉवर धरा. आधी मोठ्या नळीत त्याचं टोक मधोमध आणा. मग वरच्या छोट्या नळीचे स्क्रू फिरवून तिच्यातही तेच टोक मधोमध आणा. दोघींचं एकमत झालं की रात्री चांदणी सापडते. आठ दिवस अंधार दिसला त्याचं कारण हेच.

"अन् भिंग? मी चार नंबरचं लावलं. सोबत लांब पाइप बी हाये, तिप्पट मोठं करते म्हने."

"तो पाइप खोक्यातच ठेवा. चार नंबरही ठेवा. सगळ्यात मोठा आकडा कोणता?"

"वीस."

"वीस लावा. तिपाईचे पाय ओढू नका, मधे गिट्टीची पिशवी टांगा. आणि जेवायच्या आधी नळी बाहेर काढून ठेवा. घरातली गरम काच बाहेर थंडीत आणली की चित्र उकळल्यासारखं हलतं. तिला आधी गार होऊ द्या."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं न अडखळता सांगते आहे. इतकी वर्षं मी फक्त टॉर्च धरते असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझी तोफ बाहेर काढली. तेरवीच्या गर्दीत कोणीतरी ती कोठीत तुरीच्या पोत्यांमागे आडवी टाकली होती. आमचे हे आणि विनोद भाऊजी दोघांनी मिळून ती वर चढवली. विनोद भाऊजी कठड्याला टेकून उभे राहिले, तोंड शेताकडे करून. मी एका चांदणीवर डोळा लावला, तर चांदणीला एका बाजूला शेपूट फुटलेलं. आदळआपटीत आरसा सरकला होता. बुडाचे तीन स्क्रू मी तुझ्यासारखे जरा जरा फिरवले, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवले. एकटीने हे करणं फार अवघड आहे, संगीता. एकाने डोळा लावायचा आणि एकाने स्क्रू फिरवायचा, अशी ती रचना. शेवटी विनोद भाऊजी न सांगता मागे येऊन बसले. "कोणता फिरवू, सांगा." मी सांगत गेले, ते फिरवत गेले. शेपूट आखडत आखडत चांदणी गोल झाली. मी बाजूला झाले. त्यांनी पहिल्यांदा त्या नळीला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. 

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई! खड्डे दिसले! चंद्राचे खड्डे!" प्रकाशभाऊंचा आवाज फुटत होता. मागून त्यांची बायको म्हणत होती, "आता मले पाहू द्या ना, किती वेळ पाहता," आणि लेकरांचा नुसता कालवा. "तुमी नोत्या तं आज सकाळी काय झालं असतं, थे इचार करून रातभर झोप नाई आली मले."

तेव्हा मला सांगावंच लागलं. "प्रकाशभाऊ, मी त्या ताई नाही. मी त्यांची जाऊ. दिवाळीआधी तुमच्याशी बोलली ती संगीता. तापाचं निमित्त झालं. गेली ती."

प्रकाशभाऊंनी पलीकडे लेकरांना गप्प बसवलं. "माह्या फोनची वाट पाह्यली असन त्यायनं," ते म्हणाले. "बायनाक्युलर घेतलं का म्हणून."

पाहिली असेल. तू खरंच पाहिली असशील. त्यांनी तुझं ऐकलं असतं तर ती काळी काच त्यांच्या घरात आलीच नसती, हे मला मान्य आहे. पण मग त्या घरात काल तो कालवाही झाला नसता. कोणाचं खरं, याचा निकाल मी एकटी लावणार नाही.

मग त्यांनी चाचरत विचारलं, "ताई, विचारावं का नाई असं वाटते, पण शनी बी सापडला. खाली पश्चिमेले. त्याले कडंच नाई. नुसता ठिपका हाये, अन् आडवी बारीक रेघ. माह्या दुर्बिणीत खोट हाये का?"

"खोट नाही. यंदा शनीने कडं आडवं धरलंय आपल्याकडे. ताटाची कड डोळ्यासमोर धरली तर कशी दिसेल, तसं. कोणाच्याही दुर्बिणीतून आत्ता असंच दिसतं. हळूहळू तिरपं होईल. दोन-तीन वर्षांत चांगलं उघडेल, खोक्यावरच्या चित्रासारखं."

"दोन-तीन वर्षं?" ते म्हणाले. "ठीक हाये, थांबतो मी. पण उघडलं का नाई थे मले कसं समजन? तवा विचाराले तुमी असानच ना, ताई?"

विनोद भाऊजी तेव्हाही नळीपाशी वाकलेले होते. खाली आमचे हे गेट लावत होते. मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"असीन," मी म्हटलं. "फोन करजा."